दोन यलगार

२०२० साली एकच शब्द या देशात दोनदा वाजला.

जूनमध्ये 'यलगार' नावाचं रॅप आलं. फरिदाबादच्या अजेय नागरचं. पोरं त्याला कॅरीमिनाटी म्हणतात. गेम खेळताना तोंड चालवणं आणि दुसऱ्यांचे व्हिडिओ लावून त्यांची टर उडवणं, हा त्याचा धंदा. या गाण्यात त्यानं आपल्यावर टीका करणाऱ्यांची तालात वाट लावली. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं. फॅन लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं.

सप्टेंबरमध्ये कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप या तिघांना एनआयएनं उचललं. ही पुण्याची गाणारी पोरं. खटल्याचं नाव एल्गार परिषद. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर झाली ती.

यलगार काय, एल्गार काय, शब्द एकच. अर्थ चाल करून जाणं. एकानं चाल केली, त्याचा भाव वाढला. दुसऱ्यांनी चाल केली, त्यांना तळोजा आणि भायखळ्याचा तुरुंग दिसला.

का? पहिल्याची चाल खालच्यावर होती, दुसऱ्यांची वरच्यावर. उत्तर सोपं आहे. पण सोपं म्हणून सोडून देता येत नाही, कारण मधे आपण उभे आहोत. आपली पोरं उभी आहेत. मुकुंदवाडीची, चिकलठाण्याची, मिलिंदनगर-भीमनगरची. पहिल्या यलगारला टाळ्या वाजवताना त्यांचे हात लाल झाले. दुसऱ्या यलगारची त्यांना खबरबात नव्हती. माझं भांडण त्या गाणाऱ्याशी कमी आहे. त्याच्या मागे धावणाऱ्या आपल्या पायांशी जास्त आहे.

आता काय झालं होतं ते नीट सांगतो, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांना ते आता आठवतही नाही. त्या वर्षी मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, आमिर सिद्दिकी नावाच्या टिकटॉकवाल्यानं यूट्यूबवाल्यांवर टीका केली. टीकेत दम होता का, हा सवाल वेगळा. टीका होती. तिला उत्तर म्हणून कॅरीमिनाटीनं व्हिडिओ काढला. उत्तर कसलं? समोरच्याचं बोलणं, समोरच्याचं नटणं, समोरच्याची मर्दानगी! समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांना हिणवायला जी भाषा वापरतात ती भाषा. मुद्द्याला हातच नाही. सगळा हात माणसाच्या अंगाला. त्या व्हिडिओला १ कोटीहून जास्त लाईक पडले. छळवणुकीचा नियम मोडला म्हणून यूट्यूबनं तो काढून टाकला. मग फॅन पेटले. 'कॅरीला न्याय द्या' म्हणाले.

न्याय!

खैरलांजीनंतर, २००६ साली, न्याय मागत आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा आमच्या मोर्चांत नक्षलवादी शोधले गेले होते. इथं एक व्हिडिओ गेला तर न्याय हा शब्द पोरांच्या तोंडी नळाच्या पाण्यासारखा आला. शब्दसुद्धा कुणाच्या तोंडी आहे त्यावर त्याची किंमत ठरते.

फॅन लोकांनी प्ले स्टोअरवर टिकटॉकला एक-एक तारा देऊन त्याचं मानांकन ४ च्या वरून २ च्या खाली आणलं. गुगलला लाखो शेरे पुसावे लागले. आता कुणी म्हणेल, टिकटॉक काय मोठं पवित्र होतं? नव्हतंच. टिकटॉक काही बुद्धविहार नव्हता. त्याच महिन्यात तिथं ॲसिड हल्ल्याची भलामण करणारा एक व्हिडिओ आला होता. त्याचा राग रास्त होता आणि तोही या लाटेत मिसळला. पण या लाटेची भाषा ऐका. 'गंदगी साफ करा.' घाण. कुणाची घाण? त्या ॲपवर शेतात राबणारी बाई नाचत होती. वीटभट्टीवरचा पोरगा डायलॉग मारत होता. गवंड्याच्या हाताखालचा बिगारी घमेलं डोक्यावर घेऊन हीरो होत होता. सुमारे २० कोटी लोक या देशात ते वापरत होते आणि त्यातल्या पुष्कळांना त्याआधी कुठल्याच पडद्यानं उभं केलं नव्हतं. घाण हा शब्द आपल्याला नवा आहे का? घाण म्हणून आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं. घाण उचलायलाही आपल्यालाच लावलं. तो शब्द ऐकल्यावर आपल्या पोरांच्या मस्तकात तिडीक जायला हवी होती. तिडीक गेली नाही, बोट गेलं. एक ताऱ्यावर.

मग गलवानला २० जवान गेले आणि २९ जूनला सरकारनं ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. कारण देशाच्या सुरक्षेचं होतं. पण फॅन लोकांनी जल्लोष केला तो आपला हीरो जिंकल्याचा. कोण जिंकलं आणि कोण हरलं, याचा हिशेब कुणी मांडला नाही. यूट्यूबवाले राहिले. बिगारी पुन्हा घमेल्याखाली गेला.

हा सगळा प्रकार एका शब्दात मावतो. छपरी.

केस पिवळे केलेला पोरगा दिसला की छपरी. जुन्या गाडीवर ट्रिपल सीट दिसले की छपरी. गेममध्ये हरला की छपरी, जिंकून ओरडला तरी छपरी. इंग्रजी चुकली, छपरी. चष्मा नकली, छपरी. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद नावाची जमात आहे. छपरं शाकारून पोट भरणारी, गावोगाव हिंडणारी माणसं. 'छपरी'चं नातं त्यांच्याशी जोडलं जातं. शब्दाचं मूळ भाषावाल्यांनी शोधत बसावं. अर्थ आम्हाला त्यांच्याआधी कळतो. ज्याच्या डोक्यावर स्लॅब नाही, छप्पर आहे, तो छपरी. जातीचं नाव न घेता जात काढायची ही नवी तऱ्हा. कायद्याच्या कचाट्यात सापडत नाही, आणि जिथं लागायचं तिथं बरोबर लागते.

कधी कधी मात्र झाकण उडतं आणि नावच बाहेर पडतं. त्याच २०२० च्या जूनमध्ये युवराज सिंगला माफी मागावी लागली. रोहित शर्माशी गप्पा मारताना त्यानं एका सहकारी खेळाडूच्या टिकटॉक व्हिडिओवरून विनोद केला आणि विनोदासाठी शब्द कुठला सापडला? सफाई करणाऱ्या जातीचं नाव. पुढं हरियाणात हांसीला गुन्हा दाखल झाला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अटक झाली आणि लगेच जामीनही. शिवी टिकटॉकवर नाचणाऱ्याला द्यायची होती. ती देताना जात आपोआप ओठांवर आली. विचार करावा लागला नाही. ज्याचा विचार करावा लागत नाही तीच खरी जात.

मी चिकलठाण्यात राहतो. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी, मधून जालना रोड. वरून विमानं जातात, खालून कंत्राटी पोरांनी कोंबलेल्या गाड्या. मी ज्या कंपनीत लाईनवर आहे तिचं नाव सांगून उपयोग नाही, सगळीकडे तेच आहे. आमच्याकडचा एक साहेब कंत्राटी पोरांना नावानं हाक मारत नाही. 'ए छपरी, इकडं ये.' पोरगा मान खाली घालून जातो. अन् जेवणाच्या सुट्टीत तोच पोरगा डबा बाजूला सरकवून मोबाईल काढतो आणि दुसऱ्या कुठल्या गावच्या पोराची टर उडवणारं गाणं लावतो. छपरी म्हणून हसतो. मी विचारलं, "का रे, सकाळी साहेब तुला काय म्हणला?" तर म्हणतो, "भाऊ, तो वेगळा मॅटर आहे. हा जोक आहे. तुम्ही लय लावून घेता."

वेगळा मॅटर! बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं आणि तिची खुबीही सांगून ठेवली. वरून लाथ खाणाऱ्याला या व्यवस्थेनं खाली एक पाठ दिलेली असते. त्या पाठीवर लाथ घालायला मिळते, म्हणून तो वरच्याचा पाय धरत नाही. पूर्वी हे पाणवठ्यावर चालायचं. आता पाच इंची पडद्यावर चालतं. सकाळचा अपमान दुपारी दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचा आणि रात्री मोकळं होऊन झोपायचं. साहेबाला यापेक्षा स्वस्त चौकीदार कुठं मिळणार?

आणि ज्याला हसता तो कोण आहे, बघा तरी. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण. टिकटॉकवर आला तेव्हा त्याच्या बोलण्याला, त्याच्या कपड्यांना, त्याच्या चालण्याला लोक हसले. व्हिडिओ बघायचे आणि शिव्या द्यायचे. २०२४ साली तोच मराठी बिग बॉस जिंकला. लगेच हसणाऱ्यांनी टोपी फिरवली. 'आपला सूरज', 'मातीतला हीरा'! मला त्या कार्यक्रमाचं कौतुक नाही. तो भांडणं विकणारा बाजार आहे. पण बघा, हसताना आपण खालचे मोजतो आणि जिंकल्यावर आपले मोजतो. मधे माणूस म्हणून त्याला कधी मोजलंच नाही. तोंडभर हसणं आणि तोंडभर कौतुक, दोन्ही फॅनचीच. त्या पोरानं काय भोगलं, हे दोघांनाही विचारायचं नव्हतं.

आता आमचे काही शहाणे मित्र म्हणतील, विनोदाला जात नसते. विनोदाला नसेल. हसणाऱ्याला असते. ज्याच्यावर हसतात त्यालाही असते. मधला विनोद तेवढा बिनजातीचा कसा राहील? विहीर गावाची, पण दोर पाटलाच्या हातात, असला हा प्रकार.

दुसरे म्हणतील, मग टीका करणाऱ्याची थट्टाच करू नये का? करावी. खुशाल करावी. टीकाकार काही आभाळातून पडलेला नसतो. टीकाकाराच्या युक्तिवादाचं भोक दाखवा, त्यावर चाल लावा, ढोलकीवर वाजवा. तो युक्तिवाद लोळला पाहिजे आणि लोक हसले पाहिजेत. पण ज्या गाण्यातून टीकेचा मुद्दाच गायब आहे आणि शिल्लक आहे फक्त टीकाकाराचं नाक, त्याचा रंग, त्याची बोली, ते गाणं म्हणजे ढोलकीवर बसवलेली मारहाण. आणि त्या गाण्याला डोळे मिटून वाहवा करणारा फॅन हा त्या मारहाणीतला हात. गाणारा एक असतो. हात लाखो असतात. म्हणून मी फॅनला जास्त जबाबदार धरतो.

तिसरे म्हणतील, अभिव्यक्तिस्वातंत्र्य! हा शब्द ऐकला की मला आमच्या शहरातली दोन नावं आठवतात.

यशराज मुखाटे. २०२० च्या ऑगस्टमध्ये या पोरानं एका मालिकेतल्या सासूच्या संवादाला चाल लावली. स्वयंपाकघरात कोण होतं आणि कुकरमधले चणे कुणी काढले, एवढाच मामला. देश हसला. जिचा संवाद होता त्या रूपल पटेलनं स्वतः फोन करून त्याचे आभार मानले. म्हणजे संगीतातली थट्टा कुणाला न तुडवता करता येते, याचा दाखला आपल्याच गावात आहे.

दुसरा राज मुंगासे. तोही याच शहरातला. २०२३ साली त्यानं सत्तांतरावर आणि खोक्यांवर रॅप केलं. गाण्यात कुणाचं नाव नव्हतं. तरी ज्यांना लागायचं त्यांना लागलं आणि गुन्हा नोंदला गेला थेट अंबरनाथला. त्याच एप्रिलमध्ये उमेश खाडे या दुसऱ्या रॅप करणाऱ्या पोराला मुंबईत वडाळ्याच्या पोलिसांनी बोलावलं. तेव्हा न्याय मागणारे फॅन कुठं होते? कोटभर बोटं कुठं गेली होती? काही राजकारणी बोलले, कारण त्यांना त्यात आपला फायदा दिसला. लाईक करणारी पोरं पुढच्या व्हिडिओवर निघून गेली.

वर बघून थट्टा केली की काय होतं, याची यादी महाराष्ट्रात लांब आहे. २०१७ च्या जुलैत मलिष्का या रेडिओवालीनं मुंबई महापालिकेच्या कारभारावर आणि खड्ड्यांवर एक गाणं केलं. गाजलेल्या 'सोनू'च्या चालीवर. लगेच पालिकेच्या माणसांना तिच्या घरात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्या आणि नोटीस निघाली. २०२५ च्या मार्चमध्ये कुणाल कामरानं हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर उपमुख्यमंत्र्यांवर विडंबन केलं. २३ तारखेला शिंदेंच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी खारचा हॅबिटॅट स्टुडिओ फोडला आणि दुसऱ्या दिवशी पालिकेचे हातोडे तिथं पोचले. खड्ड्यावर गाणं केलं की अळ्या. सत्तेवर गाणं केलं की हातोडा. गरिबावर केलं की लाईक.

पण यातही प्रतवारी आहे, गड्यांनो. मलिष्काच्या, कामराच्या मागे पांढरपेशा समाज बोलला. बोललाच पाहिजे होता. तो समाज कबीर कला मंचाच्या वेळी मात्र घसा बसल्यासारखा गप्प झाला. आनंद पटवर्धनांसारखे बोटावर मोजण्याइतके सोडले, तर कोण उभं राहिलं? पोलिसांचे आरोप माओवाद्यांशी संबंधांचे होते. त्यांचा निवाडा पुराव्यानं व्हावा. पण २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई हायकोर्टानं ज्योती जगतापला जामीन नाकारला तेव्हा आदेशात काय आलं? त्यांच्या गाण्या-नाट्यातली 'अच्छे दिन'ची, गोमूत्राची, शाखेची टिंगल. सरकारची खिल्ली उडवली, हे तिच्याविरुद्ध मोजलं गेलं. म्हणजे विडंबन हा आपल्यासाठी पुरावा. दुसऱ्यासाठी तो करमणुकीचा कार्यक्रम. खटला तोवर सुरूही झाला नव्हता.

आणि ज्याला गाणंही गावं लागलं नाही तो? सागर शेजवळ. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत त्याचा फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. त्याला उचलून नेऊन मारून टाकलं. एका बाजूला कुणाची टर उडवणाऱ्या गाण्यावर कोट्यवधींची वाहवा. दुसऱ्या बाजूला कुणाचीही टर न उडवणारं गाणं खिशात वाजलं म्हणून जीव गेला. हे दोन्ही एकाच देशातल्या श्रोत्यांचे प्रतिसाद आहेत. एकाला करमणूक आणि दुसऱ्याला गुन्हेगारी म्हणून वेगळ्या खणात ठेवू नका.

विडंबन ही कुणा यूट्यूबवाल्यानं शोधून काढलेली चीज नव्हे. ती आमची आहे. जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं तेव्हाच भटजीचा आव आणि त्याच्या पोथीचा धंदा रंगमंचासाठी उघडा केला. सत्यशोधक जलशांनी तेच काम गावोगाव नेलं. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशानं तमाशाचा साचा उचलला आणि गणात गणपतीच्या जागी बाबासाहेब आणले. अण्णा भाऊंच्या वगात सावकार आणि मालक हास्यास्पद ठरले. मजूर ठरला नाही. आमच्या भीमगीतांनी सिनेमाच्या चाली बेधडक उचलल्या. चाल त्यांची, शब्द आमचे. कुणी नाकं मुरडली, उसनी चाल म्हणाले. उसनी नव्हती, जप्त केलेली होती. ज्यांच्या हाती स्टुडिओ नव्हता त्यांनी लोकांच्या कानात आधीच बसलेली चाल वापरली आणि तिच्यातून संविधान सांगितलं, शाळा सांगितली, दारू सोडायला सांगितलं. चाल वापरायची असते ती अशी.

या परंपरेत एक शिस्त होती. शाहीर लोकांना हसवायचा आणि हसता हसता त्यांना विचारात पाडायचा. जलसा सुटल्यावर माणूस घरी जाताना सावकाराचा हिशेब मनात करायचा. आजचं गाणं संपल्यावर पोरगा काय करतो? पुढचं गाणं लावतो. शाहिराला श्रोता लागायचा. श्रोता प्रश्न विचारू शकतो, उठून जाऊ शकतो, 'शाहीर, हे चुकलं' म्हणू शकतो. या नव्या बाजाराला श्रोता नको, फॅन पाहिजे. फॅनला डोकं नसतं, आकडा असतो.

आता आपल्या घरातलं बोलतो. फॅन फक्त गेमवाल्यांचे नसतात. १९७२ साली पँथर उभी राहिली. दोन वर्षांत, १९७४ ला, फुटली. फुटीची कारणं विचारांची होती, त्यावर आजही वाद घालता येतो. पण त्यानंतर किती जणांनी विचारांवर वाद घातला आणि किती जणांनी 'ढसाळवाले' 'ढालेवाले' म्हणून एकमेकांच्या नावानं बोटं मोडली? गटामागून गट पडत गेले आणि प्रत्येक गटानं आपापले फॅन तयार केले. फॅन पुढाऱ्यावरची टीका ऐकून घेत नाही. टीकाकाराची औकात काढतो. नेमकं तेच जे गाण्याच्या व्हिडिओखाली चालतं.

२०१२ ची गोष्ट घ्या. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र होतं. गोगलगायीवर बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. चित्र बघून आपल्या लोकांना राग आला, त्यात नवल नाही. चाबूक आपल्या पाठीला ओळखीचा आहे. संसदेत गदारोळ झाला आणि दुसऱ्या दिवशी, १२ मे ला, पुणे विद्यापीठात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. करणारे आपल्यातले होते. मला सांगा, त्या मोडतोडीनंतर एका तरी शाळेत बाबासाहेबांचं एखादं पान जास्त शिकवलं गेलं का? पुस्तकात त्या चित्राशेजारी काय लिहिलं होतं, ते किती जणांनी वाचलं? आणि २०२५ साली खारमध्ये खुर्च्या मोडणाऱ्यांना आपण कुठल्या तोंडानं बोलायचं? वैचारिक वारसा सांगणाऱ्याला हातोडा शोभत नाही. तो त्यांच्याकडे राहू द्या. त्यांच्याकडे दुसरं काही नाही.

प्रस्थापितांची ही जुनी युक्ती आहे, ती ओळखा. राजा ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' १९७२ च्या ऑगस्टमध्ये 'साधना'त आला. सवाल होता दलित बाईच्या अब्रूची किंमत कायद्याच्या लेखी राष्ट्रध्वजाच्या किमतीपेक्षा कमी का. उत्तर कुणी दिलं? महाराष्ट्र त्या लेखातल्या झेंड्यावरच्या एका वाक्यावर पेटला. भाषा बघा म्हणाले, संस्कार बघा म्हणाले. मुद्दा बाजूला टाकून माणसाचं तोंड पकडायचं, ही रीत या समाजानं तेव्हाच पक्की केली होती. आज आपली पोरं तीच रीत ढोल-बीटवर नाचवतात आणि स्वतःला बंडखोर समजतात. बंडखोर कसले? तुम्ही तुमच्याच आज्यावर झालेल्या हल्ल्याची नक्कल करताय.

बाबासाहेब १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात गोखले सभागृहात रानड्यांवर बोलले. रानडे, गांधी आणि जिना यांची तुलना करताना त्यांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. मोठ्या माणसाबद्दल आदर वेगळा आणि त्याच्यापुढे बुद्धी गहाण टाकणं वेगळं, हा त्यांचा मुद्दा होता. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी पुन्हा बजावलं की राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा रस्ता आहे. हे सांगणाऱ्याचे आपण अनुयायी. आणि आपल्या मोबाईलमध्ये भक्तीची तीन-तीन दुकानं. सकाळी पुढाऱ्याचे फॅन, दुपारी क्रिकेटवाल्याचे फॅन, रात्री गेमवाल्याचे फॅन. ज्यानं देव नाकारायला शिकवलं त्याच्या लेकरांनी एवढे देव कशाला जमवले?

मी गेम सोडा म्हणत नाही. १२ तास मशीनवर उभं राहिलेल्या पोरानं रात्री काय पुस्तकच वाचलं पाहिजे, असला उपदेश खुर्चीवाल्यांनी करावा. खेळा. हसा. रॅप करा. तुमच्यातले किती जण पत्र्याच्या खोलीत मोबाईलवर गाणं बनवतात, मला माहीत आहे. पण कुणी कुणावर गाणं केलं आणि सगळे खिदळायला लागले की तीन गोष्टी विचारा. ज्याच्यावर हसतोय तो गाणाऱ्याच्या वर आहे की खाली? त्यानं जो मुद्दा मांडला होता त्याला गाण्यात उत्तर आहे का? आणि जो शब्द ऐकून हसू आलं, तो शब्द सकाळी आपल्याला कुणी मारला होता का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर तिथंच थांबा. फोन बंद करायची गरज नाही, तोंड उघडायची आहे. तिथंच, सगळ्या दोस्तांसमोर म्हणा की हे चालणार नाही. अन् शिवी सरळ जातीवरून असेल तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. इंटरनेटवर दिलेली शिवी ही चारचौघांतच दिलेली शिवी आहे, असं केरळ हायकोर्टानं २०२२ साली सांगितलं. तक्रार लिहा, तारीख-वेळ टाका, दोन साक्षीदार घ्या आणि पोलीस चौकीत सगळे मिळून जा. एकट्यानं जाऊ नका.

आणि छपरी म्हणाले तर? तो शब्द उचला. जलशानं गण उचलला तसा, भीमगीतांनी सिनेमाची चाल उचलली तशी. पत्र्याच्या छपराखालून आलेली गाणी करा. ठेकेदारावर करा. पगारातून कापल्या जाणाऱ्या पैशावर करा. विमानतळाला चिकलठाण्याची जमीन लागते आणि चिकलठाण्याच्या पोराला विमान फक्त खालून दिसतं, त्यावर करा. साहेबाच्या 'ए छपरी'वर तर पहिलं करा. नाव घेऊ नका, लागायचं त्याला बरोबर लागतं. कोटभर लाईक मिळणार नाहीत. शिफ्ट सुटल्यावर टपरीवर दहा पोरं ऐकतील आणि त्यातला एक म्हणेल, "दुसरं कडवं जमलं नाही, भाऊ, ठेकेदाराचा हिशेब चुकला."

तो फॅन नव्हे, श्रोता आहे. चळवळ अशाच दहांची होते. खाली हाणणारा यलगार बाजारात भरपूर मिळतो. वरच्यावर चाल करून जाणारा आपल्यालाच लिहावा लागेल.